बंदुकीला दोन पाय

डावा खांदा आखडला तेव्हा मला सगळ्यात आधी आठवली ती बंदूक. पोळ्या लाटणं, केस बांधणं, ट्रेनमध्ये वरची कडी धरणं, हे सगळं नंतर. घरात हा क्रम सांगितला असता तर नवऱ्याने वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितला नाही.

बंदूक म्हणजे खेळण्यातली. प्लास्टिकचे बारीक छर्रे उडवणारी. इथे जपानात चांगली मोठी माणसं रविवारी चिबाच्या रानात जातात, दोन गट करतात आणि एकमेकांचे झेंडे पाडतात. त्याला साबागे म्हणतात. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून फुनाबोरीला आले. मेकॅनिकलची पदवी कपाटात कुजू द्यायची नाही म्हणून यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ड्रॉइंगच्या कामाला लागले. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे काचो-सान म्हणतात, तेच या खेळातल्या आमच्या टोळीचे कप्तान. मला त्यांनी एकदा गंमत म्हणून नेलं आणि मी तिथलीच झाले. उगाच विनय कशाला? टोळीत सगळ्यात चांगला नेम माझा होता.

खरं सांगायचं तर या देशात मी 'अमक्याची बायको' नव्हते अशी ती एकच जागा होती. ऑफिसातसुद्धा मी परदेशी बाई होते. रानात मात्र मला लांबून टिपायला ठेवायचे आणि माझ्या भरवशावर बाकीचे पुढे पळायचे. ते मला फार आवडायचं.

खांद्याचं कळल्यावर काचो-सान माझ्या टेबलाशी आले. "मुरी करू नका," म्हणाले. मुरी म्हणजे झेपत नसताना रेटणं. "या वेळी तुम्ही आमचे फोटो काढा ना. तुम्ही फोटो फार छान काढता." मी काढलेला एकही फोटो त्यांनी पाहिलेला नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवणं आपल्याकडेही चालतं, पण इथे भांडं असं लपवतात की तुम्हीच आभार मानून परत येता. मी आभार मानले नाहीत.

"एक खेळ द्या," मी म्हटलं. "नाही जमलं तर कायमचे फोटो काढीन."

ते होकाराची मान हलवून गेले. म्हणजे टोळीत राहायचं की नाही, ते आता त्या एका खेळावर होतं.

डाव्या हाताने बंदूक पेलवत नाही तर ती जमिनीनेच पेलावी, एवढा साधा हिशोब. बंदुकीच्या पुढच्या भागाखाली दोन घडीचे पाय बसवतात, त्याला बायपॉड म्हणतात. अडचण होती दस्त्याची, म्हणजे खांद्यापासून नळीच्या खालपर्यंत जाणाऱ्या बंदुकीच्या अंगाची. मूळचा दस्ता माझ्या उंचीला लांब पडायचा म्हणून मी दुसऱ्याच कंपनीचा आखूड दस्ता बसवला होता. दिसायला देखणा, आतून पोकळ. बायपॉड अडकवायला त्याला खाली काहीच नव्हतं. नुसता स्क्रू पिळला असता तर पहिल्याच झटक्यात प्लास्टिक फाडून बाहेर आला असता.

मग मी ऑफिसात टाकून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा विचारून घरी आणला. तो आतून बसवला, दस्त्याला खालून भोक पाडलं आणि पट्टीत आटे पाडून स्क्रू आवळला. जेवणाच्या टेबलावर बंदूक दोन पायांवर ऐटीत उभी राहिली. मी तिच्याभोवती एक फेरी मारली.

नवरा सोफ्यावर लोळत उंटावरून शेळ्या हाकत होता. "अगं, डावीकडे झुकलीय."

"तुझं डोकं झुकलंय."

आमच्या घराच्या बोळकांडीत टोकाला मी खोका ठेवला आणि नेम धरला. छर्रा वर. दुसरा आणखी वर. तिसऱ्याने खोका सोडून दाराला टिचकी मारली.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला.

मला राग आला, कारण या वेळी अंगणच वाकडं होतं आणि मला ते ठाऊक होतं. कागदाची पट्टी घेतली आणि नळी व दस्ता यांच्या फटीतून सरकवत नेली. बायपॉडच्या जागी ती अडली. स्क्रू लांब होता आणि त्याचं टोक खालून नळीला ढोसत होतं. मी तो काढला, करवतीने आखूड केला, कानस मारली, परत बसवला. कागद सरळ पार गेला. त्यानंतरचे छर्रे खोक्यावर एकाशेजारी एक बसले. नवऱ्याने उठून खोका पाहिला आणि चहा टाकला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ.

पण खरी चूक पुढेच होती, आणि ती अस्सल ड्रॉइंगवाल्यांची. मी मापं सगळी बंदुकीची घेतली, बसणाऱ्या माणसाचं माप घेतलंच नाही. बायपॉड म्हटलं की पालथं पडून मारायचं हे धरूनच मी आखूड पायांचा घेतला. बंदूक झाकून पिशवीत घालून ट्रेनने चिबाला सरावाला गेले, पालथी पडले, कोपरांवर भार दिला आणि खांद्यातून अशी कळ गेली की मराठीत ओरडले. शेजारच्या जपानी माणसाने माफी मागितली.

उठून बसले. बसले ती सवयीने मांडी घालून. लहानपणापासून आम्ही जेवलो मांडी घालून, अभ्यास केला मांडी घालून, भाजी निवडली मांडी घालून. तासन्‌तास तशी बसले तरी मला काही होत नाही, आणि डावा हात आपला मांडीवर निवांत पडून राहतो. मग बंदुकीनेच माझ्या उंचीला यावं की! परतीच्या वाटेवर दुकानात शिरून लांब पायांचा बायपॉड घेतला. दुकानदार सांगत होता, हा फार उंच होईल, यावर पडून मारता येत नाही. मी म्हटलं, मी पडणारच नाहीये.

खेळाच्या दिवशी काचो-साननी मला झेंड्यापाशी प्लायवूडच्या आडोशामागे ठेवलं. मला मांडी ठोकून बसलेली पाहून टोळीतले दोघेतिघे हसले. मी त्यांना हसू दिलं. शिट्टी झाली, सगळे पुढे पळाले आणि मी एकटी उरले.

पहिला माणूस बांबूंतून डोकावला. मी श्वास सोडता सोडता चाप ओढला. "हित्तो," म्हणून तो हात वर करून निघून गेला. हित्तो म्हणजे लागला. या खेळात छर्रा लागला की ज्याचं त्याने सांगायचं असतं. पंच बघत नाही, कपड्यावर डाग पडत नाही, सगळा खेळ माणसाच्या शब्दावर चालतो. थोड्या वेळाने दुसराही गेला. खांदा गप्प होता. मी मनात काचो-सानना म्हणत होते, हे घ्या माझे फोटो.

वेळ संपत आली तेव्हा तिघे एकदम आले. प्लायवूडवर छर्र्यांचा तडतडाट सुरू झाला आणि त्या गलक्यात एक बारीक 'टिक' माझ्या हाताला जाणवली. छर्रा बायपॉडच्या पायाला लागला होता. आमच्या मैदानाचा नियम असा की बंदुकीला किंवा तिला जोडलेल्या कशालाही लागलं तरी तुम्ही बाद. कुणी पाहिलं नव्हतं. ज्याने मारला त्यालाही कळलं नसणार. थोडा वेळ गप्प बसले असते तर शिट्टी झाली असती, झेंडा राहिला असता आणि माझी जागाही. मला भयंकर राग आला, त्या छर्र्याचा, त्या पायाचा, माझ्या खांद्याचा.

"हित्तो!" मी ओरडले आणि उजवा हात वर केला.

माझ्यामागे झेंडा पडल्याचा भोंगा झाला तेव्हा मी मैदानाच्या कडेला पोचले होते. आम्ही हरलो होतो. काचो-सान घामाघूम होऊन आले.

"कुठे लागला?"

मी बायपॉडचा पाय दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं. तिथे काहीच खूण नव्हती.

"आवाज ऐकला कुणी?"

"नाही. मला जाणवलं."

ते सरळ उभे राहिले. मी डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. हरल्याचं होतं, येऊ दिलं.

"पुढच्या खेळात मी अगदी समोरून घुसणार आहे," ते म्हणाले. "मागे तुम्ही बसा. तुम्ही असलात की मला वळून बघावं लागत नाही."