लाल भाजी आणि माझं हट्टी रक्त

लाल भाजी चिरताना बोटांवर जो रंग चढतो, तो पहिल्या नजरेला रक्तच वाटतो. ओल्या देठांचा मातकट वास, विळीच्या पात्यावरून ओघळणारं ते किरमिजी पाणी! हिवाळा लागला की पुरानी बस्तीच्या बाजारात या लाल माठाच्या जुड्यांचे ढीग लागतात. आमच्या घरी मात्र त्या चिरायची मला बंदी होती.

कारण माझं रक्त उशिरा गोठतं. लग्नानंतर दात काढला तेव्हा हे उघड झालं, आणि सासूबाईंनी विळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. "तुले काही झालं तं तुह्या मायले काय तोंड दाखवू मी?" माया खरीच होती. पण आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी होऊन राहणं मला सोसेना.

समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मनात घोळत राहिलं. केवढी वर्दळ असते हो रक्तात! पिवळसर द्रवात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि इवल्याशा प्लेटलेट्स. जखम झाली की रक्तवाहिनी आक्रसते, प्लेटलेट्स धावत येऊन एकमेकींना बिलगतात आणि भोक बुजवतात; मग द्रवातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात, चिवट धागे विणतात आणि ते बूच पक्कं करतात. त्यातलं एक प्रथिन माझ्यात कमी आहे. म्हणून सांध्याला, डोक्याला बसलेला मार मी कधी अंगावर काढायचा नाही. पण बोट कापलं तर घट्ट दाबून धरावं, तेवढ्याला माझ्या प्लेटलेट्स पुरतात. मग सगळा राग बिचाऱ्या विळीवरच का?

परवा विळी मीच खाली काढली आणि भाजी चिरायला बसले. सासूबाई दारात आल्या, माझी लाल बोटं पाहिली आणि हळदीचा डबा घेऊन धावल्या. "काहून ऐकत नाही वं तू!" मूठभर हळद भाजीच्या रंगावर पडली. मला हसू आवरेना, आणि त्या गडबडीत पातं खरंच लागलं.

मी उठले नाही. स्वच्छ फडकं घट्ट दाबून तिथेच बसले. सासूबाईही समोर पाट ओढून बसल्या. नुकताच उतरवलेला कुकर गार झाला, तरी मी बोट सोडलं नाही. शेवटी फडकं उचललं. रक्त थांबलं होतं.

त्यांनी बोट उजेडात धरून निरखलं, आणि उरलेली जुडी माझ्याकडे सरकवली. "हव, चिर आता. पण बारीक चिर."

बोटांवर लाली अजून होती. भाजीची किती, माझी किती, कोण सांगणार? उशिरा थांबतं, पण थांबतं माझं रक्त. मी काही थांबणार नाही.