पिंडापुढचं रडणं

रिटायर झालो, नागापूरची एमआयडीसी सोडली आणि मिरजगावला घरी आलो, तेव्हा टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग होता. त्यातही एका घरात दहाबारा माणसं कोंडून त्यांची भांडणं दाखवणारा तो कार्यक्रम. बायको बघायची. मी म्हणायचो, "आपल्या भावकीत काय भांडनं कमी हायेत, म्हणून अजून इकत आणायची?" मग एकदा जेवता जेवता बघितला आणि बसलो की अडकून.

त्या घरात एक पोर होती. खेड्यातली, काळीसावळी. सगळ्यांचं रांधायची आणि वर त्यांचीच बोलणी खायची. दर आठवड्याला ज्याला लोकांची मतं कमी, तो घराबाहेर. मी तिला माझ्या मोबाईलवरून मत द्यायचो, बायकोच्या मोबाईलवरून द्यायचो आणि थोरल्या भावाचा मोबाईल "दादा, जरा बघू" म्हणून मागून घेऊन त्यावरूनही द्यायचो. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही.

त्यातच वहिनी गेल्या. या थोरल्या भावाची बायको. त्या घरात आल्या तेव्हा मी चड्डीत होतो आणि आई नव्हती. माझ्या शाळेच्या डब्यापासून लग्नातल्या हळदीपर्यंत सगळं त्यांनी केलं. झोपेतच गेल्या. सगळं घर रडलं, माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. धक्का बसला की असं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. भाऊही रडला नाही, पण तो कधीच रडत नाही.

दहावं होईपर्यंत घरात टीव्ही लावायचा नाही, ही आमची रीत. आणि मी काय करावं? वैरण टाकायच्या निमित्तानं गोठ्यात जायचो, कानात बोंडं घालायचो आणि मोबाईलवर तो कार्यक्रम बघायचो. लाज वाटायची, तरी जायचो. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी ती पोर बाहेर पडली. जाताना सगळ्यांच्या पाया पडली, भांडणाऱ्यांच्यासुद्धा. हातातली वैरण तशीच धरून मी बघत राहिलो. तेवढ्यात बायको धारेची बादली घेऊन आली. तिनं मोबाईल बघितला, माझं तोंड बघितलं आणि गायीकडं वळली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी नदीवर दहावं होतं. महाराजांचं प्रवचन झालं, पिंड मांडले, सगळे मागे सरले. बाभळीवर कावळे हे एवढे, पण शिवायला एक उतरेना. म्हणजे वहिनींची काहीतरी इच्छा राहिली असणार. मग अशा वेळी करतात तसं एकेक जण पुढं होऊन हात जोडून शब्द द्यायला लागला. पुतण्या म्हणाला, आई, तुझ्या धाकट्या नातीचं लगीन थाटात करीन. सून म्हणाली, आत्या, तुमची गाय इकू देनार न्हाई. कावळा काही हलेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा भाऊ माझ्याकडं वळला.

"तुझ्यावर लई जीव हुता तिचा. तू बोल."

मी पुढं झालो, हात जोडले, डोळे मिटले. वहिनींचा चेहरा आठवायला गेलो आणि डोळ्यांपुढं आली ती पोर, बॅग ओढत दारातून बाहेर पडणारी. मला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, हुंदक्यावर हुंदके, अख्ख्या भावकीसमोर. आवरता आवरेना. डोळे उघडले तर कावळा पिंडावर.

बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, बघा, दिराच्या आसवांसाठीच अडून बसली हुती माउली. माझी बायको तेवढी नदीकडं बघत होती.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले, तसा भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला.

"काय शब्द दिलास रं तिला?"

मी काहीच दिला नव्हता. रडताना वहिनींचं नावसुद्धा मनात आलं नव्हतं. पण खरं सांगायला तोंड कुठं होतं? जे सुचलं ते बोलून गेलो.

"म्हणालो, दादाला सांभाळीन. त्याची काळजी करू नका."

भावानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी माझ्यातच अडकला हुता व्हय तिचा जीव. आरं, मी उभ्या जन्मात तिला दोन शब्द गोड बोललो न्हाई." आणि तो सत्तरीतला माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला माझीच शिसारी आली. उठून कुठंतरी निघून जावं असं वाटलं, पण त्यानं मला घट्ट धरलं होतं.