ओठ न टेकता म्हटलेलं गाणं

पूर्णेला गाडी बदलली, वसमत मागे पडलं, आणि खिडकीतून हळदीचा वास यायला लागला. शिजत्या हळदीचा वास आपल्या डब्यातल्या हळदीसारखा नसतो. तो ओला, मातकट असतो आणि कपड्यांत मुरतो. शेतांतल्या बॉयलरमधून वाफ निघत होती आणि ताडपत्र्यांवर शिजलेली हळद वाळत पडली होती.

मी पुण्यात राहते आणि संगीतावर, त्यातही रॅपवर लिहिते. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाकडे परदेशातून आलेली एक कॅसेट ऐकली. निम्मे शब्दही कळले नाहीत, पण नुसत्या बोलण्यावर माणूस ताल धरायला लावतो, हे पाहून मी जी अडकले ती अजून सुटलेली नाही. आपल्याकडचे पहिले रॅपर अमेरिकन उच्चार गिरवायचे. मग आपापल्या वस्तीची हिंदी बोलणारी पोरं आली. त्यांच्या मुलाखती मी गच्च्यांवर, पाण्याच्या टाक्यांना टेकून घेतल्या. आणि पुढे मोबाइल आल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतून आवाज यायला लागले. त्यातला एक आवाज शीतल राठोडचा होता.

शीतल औंढा तालुक्यात, शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर राहते आणि शाळेत शिकवते. तिचं पहिलं गाणं म्हणजे ब, भ आणि म यांचा नुसता भडिमार होता. त्यानंतर बराच काळ ती गप्प झाली. अलीकडे तिचं नवं गाणं आलं. ते संथ होतं, हवेत तरंगत राहणारं:

‘उन्हात हळद, हातात हळद,
लेकराच्या नखात, ताटात हळद.
ज्यांनी ती काढली, त्यांचंच गाणं,
ऐक रे शहरा, कानात हळद.’

एवढा बदल कशामुळे, हे विचारायला मी फोन केला. फोन तिच्या मैत्रिणीने, प्रज्ञाने उचलला. प्रज्ञा आखाडा बाळापूरची. शीतलच्या गाण्यांना ठेका तीच देते. ती म्हणाली, “फोनवर कळायचं न्हाई, ताई. बाळापूरला कार्यक्रम हाय आमचा. तवा या.”

हिंगोलीच्या स्टँडवर मी दिसली ती बस पकडली आणि कंडक्टरला “एक बाळापूर” म्हणाले. त्याने मान वर केली.

“कोणतं बाळापूर? आखाडा बाळापूर का अकोल्याकडचं?”

“आखाडा.”

“मग ह्या गाडीत काहून बसल्या? ती कळमनुरीवरून जाणारी गाडी निघून राहिली, तिच्यात बसा.” असं म्हणून त्याने स्वतःच माझी बॅग खाली उतरवली, पलीकडच्या ड्रायव्हरला हात करून गाडी थांबवली, आणि माझे आभार ऐकायलाही थांबला नाही.

प्रज्ञाचं घर बाळापुरात रस्त्यापासून थोडं आत आहे. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कोपऱ्यात तिच्या वडिलांची ढोलकी. वडील भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचे. तिने आधी पाणी दिलं, मग माझ्यासमोर बसून सांगायला लागली.

“शीतलच्या तोंडावरून वारं गेलं होतं (चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती). सकाळी उठली तर चूळ भरता येईना, पाणी एका बाजूनं गळून राहिलं. डोळा मिटंना. ओठ टेकत न्हाईत म्हणल्यावर प, फ, ब, भ, म सगळं गेलं. ‘व’सुद्धा धड येईना. शाळेत पोरं हसतील म्हणून रजा काढली तिनं. मला हाक मारायची तर ‘रज्ञा’ म्हणायची. मग तेबी बंद केलं. नुसती ‘अक्का’ म्हणायला लागली.”

“आणि ते नवं गाणं?”

“तेच तर. ज्या अक्षराला ओठ लागत न्हाईत, तेवढीच घेऊन लिवलं तिनं.”

मी गाणं मनात म्हणून पाहिलं. उन्हात, हातात, नखात, ताटात. ओठ एकदाही टेकले नाहीत. ते गाणं मी कितीतरी वेळा ऐकलं होतं.

दुपारी शीतल आली. सडपातळ, पस्तिशीची, हसली की उजवा गाल किंचित मागे राहतो. सोबत घरची बाटी (बंजारा घरांत ज्वारीच्या भाकरीला म्हणतात) आणि लसणाची चटणी होती. प्रज्ञाने वांग्याची भाजी केली होती. जेवताना शीतल मोकळेपणी बोलली. सगळी अक्षरं आता परत आली होती, पण भरभर म्हणताना घसरत होती.

“आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. ते मला म्हणता यायचं,” ती म्हणाली. “वडिलांना, बापूला हाक मारता येईना. बापू म्हणायचे, राहू दे, मी आपणहून येऊन बसतो तुझ्यापाशी. रोज येऊन बसायचे. आरशासमोर मी गाल फुगवायचे, फुंकर मारायचे. तेबी माझ्यासंगं फुंकर मारायचे.”

कार्यक्रमात काय म्हणायचं, यावर दोघींचं एकमत नव्हतं. शीतलला आपलं पहिलं, जुनं गाणं म्हणायचं होतं.

“हळदीचंच म्हण,” प्रज्ञा म्हणाली. “लोकांसमोर अडकलीस तर परत कधी उभी राहणार न्हाईस तू. मला ठाव हाय.”

शीतल ताटं उचलायला लागली. मला दोघींचं पटत होतं.

संध्याकाळी बाजारतळाजवळच्या मैदानात बचत गटांच्या बायकांचा मेळावा होता. ऊन कललं होतं, सतरंज्या भरल्या होत्या. शीतलने हळदीचं गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि प्रज्ञा उठायला लागली. पण शीतल माइकपाशीच उभी होती. तिने मागे वळून बोटांनी ठेका दाखवला. प्रज्ञाने तिच्याकडे पाहिलं आणि ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली.

जुन्या गाण्याचा पहिला भाग ती सुसाट म्हणून गेली. दुसऱ्या भागात ‘बाभूळ’ला अडखळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नुसती हवा निघाली. प्रज्ञाचे हात थांबले. मैदान शांत झालं. पुढच्या सतरंजीवरची एक वयस्क बाई सहज घरात बोलावं तशी म्हणाली, “हळू म्हण, बाई. आमी कुठं जाऊन राहिलो?”

शीतलने उजव्या हाताच्या बोटांनी गाल दाबून धरला, ओठ टेकवले आणि म्हणाली, “बाभूळ.” मग तसाच गाल धरून, निम्म्या वेगाने, तिने सबंध गाणं म्हटलं. प्रज्ञाने ठेका तिच्या वेगाला आणला. गाणं संपल्यावर शीतल माइकमध्येच म्हणाली, “ढोलकीवर प्रज्ञा होती.” प्रज्ञाने ढोलकी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी दोघी मला हिंगोली स्टेशनवर सोडायला आल्या. गाडीत मी कार्यक्रमाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. आजवर रॅपबद्दल लिहिताना मी वेगाचं फार कौतुक केलं. कोण किती भरभर म्हणतो, श्वास कुठे घेतो, यावर पानं भरली. त्याचा पश्चात्ताप नाही, तोही या कलेचाच भाग आहे. पण एक अक्षर उमटावं म्हणून सगळं मैदान वाट बघत बसलेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. ते ऐकायला मला बोलावलं, आपल्यात बसवून जेवू घातलं, याबद्दल मी त्या दोघींची ऋणी आहे. लेखासोबत द्यायच्या रेकॉर्डिंगमधली ती शांतता कापायची का, असं संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, आहे तेवढीच राहू द्या.