चेटकिणीचे डोळे उघडण्याआधी

गोष्टीतली चेटकीण डोळ्यांसमोर आणा म्हटलं, तर तुम्हाला कोण दिसतं? घाई करू नका आणि खोटंही बोलू नका. तिचा रंग कोणता? ती बंगल्यात राहते की रानात? तिच्या हातात काय असतं? आणि हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?

हा प्रश्न मी मोठ्या तोऱ्यात लोकांना विचारला होता. त्याचं उत्तर मीच छापून वाटत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या रोह्याच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कंपनीतली शिफ्ट संपवून यायचे, जेवायचे आणि लिहायला बसायचे. कंत्राटी कामगारांना काढलं, की पत्रक. नळाला गढूळ पाणी आलं, की पत्रक. गावात अंगात येणारा कुणी बुवा आला, की त्याच्यावर दोन. छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. ‘जाहीर निषेध’ मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता यायचं. संशय घेणं मला कुणी शिकवावं लागलं नाही. फुकट मिळणारी प्रत्येक वस्तू मी अजूनही उलटी करून बघते.

गोष्टी मिळायच्या त्या सुट्टीत, पेणला मावशीकडे. मी लहानपणीही त्या सरळ ऐकल्या नाहीत. राजाला निवडून कोणी दिलं? राजकन्या एवढी झोपते, मग तिच्या घरचं काम कोण करतं? मावशी वैतागायची. “गप गो, नायतर तिला उठवतच नाय मी. झोपू दे तशीच.”

मावशी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, अंगावर रंग चढतो, तरी ती समोर नुसती ठेवलेली असते. मावशीचा बारीक ब्रश फिरला की ती आपल्याकडे बघायला लागते. मावशीची एक सवय आहे. ब्रश टेकवण्याआधी ती मूर्तीच्या कानाशी वाकते आणि म्हणते, “उघडते हं डोळे.” हंगामात मूर्तींच्या रांगा लागल्या तरी प्रत्येकीला वेगळं विचारते. एखादी मूर्ती कधी नको म्हणाली का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. “अजून तरी नाय,” ती म्हणाली. “पण इचारायला काय जातं?” मला ती अंधश्रद्धा वाटायची. तसं मी तिला तोंडावर सांगितलंही होतं.

गेल्या थंडीत त्या कारखान्याला एका टीव्ही मालिकेचं काम मिळालं. दर रविवारी सकाळी लहान मुलांसाठी एक जुनी गोष्ट ‘नव्या नजरेनं’ दाखवणारी ती मालिका. पुढच्या एका भागात रानात हरवलेली मुलगी आणि रानातली चेटकीण होती. चेटकिणीसाठी कागदाच्या लगद्याचा मुखवटा हवा होता. हलका, पण हुबेहूब. मी तेव्हा मावशीकडे राहायला गेले होते. ‘नव्या नजरेनं’ हे शब्द ऐकले आणि माझे कान टवकारले. मी कारखानदारांकडून गोष्टीचा कागद मागून घेतला आणि वाचला. मुलगी आता रडत नव्हती, सायकल चालवत होती आणि तलवारही चालवत होती. ठीक. राजपुत्र मदतीला येणार होता, पण विचारून. उत्तम. आणि चेटकीण? ती मात्र होती तशीच. काळी, रानात राहणारी, कमरेला कोयता, डोक्यावर पाल्याची पाटी. नवी नजर बरोब्बर तिच्यापाशी येऊन मिटली होती.

मग कारखानदारांनी मोबाइलवर आलेला नमुन्याचा फोटो दाखवला. “ह्या चेहऱ्याबरहुकूम पाहिजे म्हणालेत.”

फोटोत पेणच्या बाजारातली एक बाई होती. चित्र नव्हे, जिवंत बाई. उन्हानं डोळे बारीक केलेले, तोंड उघडं, कपाळावर आठ्या, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. कारखानदारांना ती ओळखू आली नाही. मावशीला आली. डोंगराकडच्या वाडीवरून ती बाजाराला येते. पोपटीच्या दिवसांत वालाच्या शेंगा मडक्यात भाजायच्या तर भांबुर्ड्याचा पाला लागतो, तो मावशी दर वर्षी तिच्याकडूनच घेते. बोरंही.

“हे तुम्ही करणार?” मी कारखानदारांना विचारलं.

“ताई, चेटकीण कशी दिसते ते मी ठरवत नाय. फोटो आला, मुखवटा जाईल. तुमचा राग पत्रकात लिहा.”

त्यांनी टोमणा मारला होता. मी तो सल्ला म्हणून घेतला. मावशी ब्रश धुवायला उठली. तिचं ते गप्प बसणं मला त्या क्षणापासून खुपायला लागलं.

फोटो मी माझ्या मोबाइलवर घेतला, दुपारची गाडी पकडून रोह्याला आले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. पिवळा कागद. वर ठळक अक्षरांत मथळा: ‘चेटकीण कोण?’ मथळ्याखाली त्या बाईचा फोटो, चांगला मोठा. त्याखाली बारीक टाइपात माझा दोन कॉलमांचा संताप. फोटोखाली मी ओळ टाकली होती, ‘अन्यायाविरुद्ध उठलेला रानाचा आवाज’.

वडिलांनी ते चष्मा वर-खाली करत वाचलं. “बाई कोण?”

“पेणच्या बाजारातली.”

“तिचं नाव काय?”

“नावाचं काय, बाबा? ही एका बाईची गोष्ट नाही, ती प्रतीक आहे.”

“हं,” म्हणाले आणि पत्रकाची चार घड्यांची पुडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, निवृत्तीनंतर हे मऊ पडले.

रोहा स्टेशनवर मी पत्रकं वाटली. निडीला उतरून वाटली. नागोठण्याच्या एसटी स्टँडवर वडापाववाल्याच्या टपरीवर गठ्ठाच ठेवला. उरलेली पेणला. लोक घेत होते, मथळा वाचत होते, फोटो बघत होते, काही हसतही होते. हसणारे मला मूर्ख वाटले.

पेणला परतले तेव्हा मुखवटा तयार होऊन रंगला होता. फक्त डोळे कोरे होते. एक दिवस गेला, दोन गेले, डोळे कोरेच. मावशी इतर कामं करत होती. मी खोलीत शिरले की मुखवट्यावर फडकं टाकायची. आता मला तिचाच संशय यायला लागला. ती लाजून लपवतेय की माझ्यापासून लपवतेय? टीव्हीवाल्यांनी तिला काही कबूल केलंय का? मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव येणार आहे का? हे सगळं मी मनात ठेवलं नाही. जेवताना बोललेच.

“तुझ्या बाजारवालीचा चेहरा तू विकतेयस, मावशी.”

मावशीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. “खा. भुकेल्या पोटी फार शहाणपण सुचतं तुला.”

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं कापडी पिशवीत काहीतरी मोठं घातलं आणि कारखान्यात न जाता निघाली. मी लांबून मागोमाग. ती मुखवटा परस्पर पोचवायला चालली असणार, अशी माझी खात्री होती. भाजीवाल्यांच्या रांगेतून, सुक्या मासळीच्या वासातून ती सरळ गेली आणि रांगेच्या टोकाला पाल्याच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईसमोर उकिडवी बसली. तीच बाई. हनुवटीवर तीन ठिपके.

मावशीनं पिशवीतून मुखवटा काढून तिच्यासमोर धरला. मी गर्दीआडून पुढे सरकले.

“बाय, हे तुझं तोंड करायला सांगितलंय मला,” मावशी म्हणाली. “टीव्हीत चेटकिणीला. डोळे तेवढे राह्यलेत. तुला इचारल्याबिगर उघडू कशी?”

बाईनं मुखवटा हातात घेतला. उलटासुलटा केला. “माझं नाक एवढं हाय व्हय?”

“फोटोत हाय.”

“मग फोटोवाल्याच्या आयशीचं असल.” दोघी हसल्या. बाईनं शेजारणीलाही मुखवटा दाखवला. शेजारीण म्हणाली, “लेक नांदायला गेली ना तुझी? आता हिलाच ठेव घरात, सोबत होईल.” माझ्या पत्रकात ती हसत नव्हती.

मग बाईचं हसू थांबलं. “कोणत्या दिवशी काढला फोटो, ते ठावं हाय मला. एक पोरगा मोबाइल घेऊन आलेला. मी त्याला वरडत व्हते, फोटो काढू नको म्हणून. त्येच हे उघडं तोंड.”

रानाचा आवाज म्हणे. ती फक्त नको म्हणत होती. त्या मुलानं ते ऐकलं नव्हतं, आणि मी वर त्याला ओळ जोडली होती.

बाईनं पाल्याच्या जुडीखालून एक पिवळा कागद ओढला. वडापावचं तेल लागलेला, चुरगळलेला. “आणि ह्ये बी तुमचंच का?”

मावशीनं कागद पाहिला, मग मान वळवली. मी मागे आहे हे तिला सबंध वेळ माहीत होतं. “हे हिचं,” ती म्हणाली. “पुढं ये गो. लपतेस कशाला?”

मी पुढे जाऊन बसले. बाईला वाचता येत नाही. एका गिऱ्हाइकानं तिला वरचा मथळा वाचून दाखवला होता. चेटकीण कोण? आणि त्याखाली ती. बारीक टाइप कुणीही वाचला नव्हता. एसटीच्या धक्क्यात कोण वाचणार? त्या आठवड्यात दोन जणींनी तिची पाटी टाळून शेजारणीकडून पाला घेतला होता. एका बाईच्या कडेवरच्या पोरानं तिच्या बोरांकडे हात केला, तर आईनं तो हात मागे ओढला. टीव्हीवरचा भाग अजून लागायचाच होता. चेटकीण मी आधीच करून वाटली होती.

मी समजावून सांगायला लागले. की पत्रक तुमच्याच बाजूनं आहे, की खाली सगळं लिहिलंय, की हा लढा...

“तू बी इचारलं नायस गो,” बाई म्हणाली. ती रागावली नव्हती. पाला किती दिवस ताजा राहतो, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

मला तेव्हा वडिलांचं ‘हं’ आठवलं.

मग बाईनंच ठरवलं. मावशीला म्हणाली, “माझे तीन ठिपके काढ. नाक बी काढ. मग कर काय ती चेटकीण.” आणि माझ्याकडे बोट करून, “तू वाटलेस ते गोळा कर. समदे.”

मावशीनं त्याच दुपारी मुखवट्याचं गोंदण घासपेपरनं घासलं, नाकावर लगद्याचा थर चढवला, गाल भरले, रंग हिरवट केला. कारखानदार वैतागले. “फोटोसारखा राहिला नाय.” मावशी म्हणाली, “चेटकीणच पायजे ना त्यांना? फोटोची बाई कशाला पायजे?” मग ती मुखवट्याच्या कानाशी वाकली. या वेळी मला ती अंधश्रद्धा वाटली नाही.

मी उलट वाटेनं निघाले. नागोठण्याच्या टपरीवरचा गठ्ठा अर्धा उरला होता, बाकीच्यात वडे बांधून गेले होते. निडीला एका घरात पत्रक फडताळात अंथरलं होतं. तिथल्या आजीबाईंनी डबे उचलून ते मला काढून दिलं आणि लग्न जमत नाही म्हणून अशी दारोदार फिरतेस का, असंही विचारलं. रोह्यात वडिलांनी खिशातली चार घड्यांची पुडी काढून समोर ठेवली. मलाच बोलणं भाग होतं. मी सांगितलं सगळं.

जमली ती पत्रकं पेणला नेली. ती बाई कारखान्यात आली, पहिल्यांदाच. लगद्याच्या टाकीत मी पत्रकं टाकत गेले आणि ती दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबत गेली, आपलाच चेहरा, एकेक. शेवटी पाणी पिवळट झालं. तिनं विचारलं, “एवढेच?” मी म्हटलं, नाही. निम्मीही नाहीत.

तो भाग लागला तेव्हा मी आणि वडील रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसलो. मी वही घेऊन बसले होते. चेटकीण थोडाच वेळ आली. चेहरा कुणाचाच नव्हता, पण डोक्यावर पाटी होती, कमरेला कोयता होता, आणि मुलगी जिंकल्यावर चेटकिणीची झोपडी जळाली. ती कुणाची झोपडी, हे गोष्टीत कुणी विचारलं नाही. माझा संशय गेलेला नाही, जाऊही नये. त्या मालिकेला मी पत्र लिहिलं आहे, उत्तर आलेलं नाही. फक्त आता दुसऱ्याच्या कागदासारखा मी माझाही कागद उलटा करून बघते.

बाई अजून बाजारात बसते. पाला सगळ्या बायका घेत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

पेण ते रोहा या पट्ट्यात तुमच्या घरी, दुकानात, फडताळात, पुस्तकाच्या कव्हराला किंवा रद्दीत तो पिवळा कागद असेल, मथळा ‘चेटकीण कोण?’, खाली तोंड उघडलेली बाई, तर तो शोधा. मजकूर वाटल्यास ठेवा. फोटो फाडून काढा, पाण्यात भिजवा आणि बोटांनी चुरडा, चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत. मोबाइलवर कुणी पाठवला असेल तर पुढे पाठवू नका, पुसा. आणि पोपटी लावणार असाल, तर बाजारात रांगेच्या टोकापर्यंत चालत जा. कडेवरच्या पोराला बोरं घेऊ द्या.