अर्ध्या कपाची लॅबोरेटरी

दुकानात लोहचुंबक नुसता ठेवला तरी संध्याकाळपर्यंत त्याला लोखंडाचा चुरा चिकटतो. कोणी लावत नाही, आपोआप जमतो. किश्श्यांचं तसंच आहे. खोपोलीच्या बाजारात माझं काचसामानाचं दुकान, आणि साजगावच्या एका औषध कारखान्याच्या लॅबोरेटरीत मी माल पोचवायचो. शिक्षण सातवी! पण त्या लॅबोरेटरीत जे चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही.

* * *

लॅबचे मुख्य प्रधानसाहेब. माथेरानच्या उतारावर स्वतः हिंडून मुळ्या आणायचे, त्यांचा अर्क काढायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्यापुढे प्लास्टिकची ताटली, तिच्यात ओळीनं बारीक बारीक खळगे. मायक्रोप्लेट म्हणायचे तिला. मी म्हटलं, "साहेब, हे तर अप्पेपात्र!"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "शेठ, हे अप्पे आधी वाळवायचे आणि मग पुन्हा ओले करायचे!"

खळग्यात अर्काचे थेंब वाळवून ठेवले की टिकतात. तपासायच्या वेळी वर स्पिरिटचा थेंब घालायचा आणि काचेच्या काडीनं ढवळून तळाचा थर विरघळवायचा. एका खळग्यातला थेंब शेजारच्यात उडाला की सगळी ताटली फुकट!

* * *

आणि साहेबांचे हात कापायला लागले.

भरल्या कपातला चहा बशीत सांडायचा. कँटीनच्या गंगूबाईनं एक दिवस त्यांच्यापुढे अर्धाच कप ठेवला. "साहेब, आज दूध कमी हाय. अर्धाच घ्या, मागनं परत आनते."

साहेबांना एकट्याला अर्धा कसा द्यायचा? म्हणून सगळ्यांनाच अर्धा. मलासुद्धा! दारात गवळ्याचे कॅन भरलेले दिसायचे, आणि लॅबमध्ये वर्षभर दुधाचा दुष्काळ!

* * *

पण काचेच्या काडीला अर्ध्या कपासारखी सोय कुठली? थेंब उडू लागले. कारखान्याचा दंडक असा, की ज्यानं नमुना वाळवला त्यानंच तो विरघळवायचा. मॅनेजरनी साहेबांना सरळ सांगितलं, "नाही जमत तर ऑफिसात बसा. फायली बघा."

साहेब माझ्या दुकानात आले. म्हणाले, "शेठ, एक चांगला चुंबक द्या. हात लावायलाच नको."

बेत सोपा होता. प्रत्येक खळग्यात लोखंडाचा कण टाकायचा आणि ताटलीखाली चुंबक फिरवायचा. वर कण फिरेल, थर विरघळेल. त्यांच्या सहायक सुमनताईंनी शिवणाच्या सुया तोडून तुकडे टाकले. दुसऱ्या दिवशी सगळे खळगे तांबडे! ताई म्हणाल्या, "साहेब, हे लोहभस्म झालं!"

मी छाती काढून पुढे झालो. "ताई, गंज नको ना? उत्तमातली स्टेनलेसची तार आणतो!" आणली, तुकडे केले, टाकले. खाली चुंबक गरागरा फिरतोय आणि वर तुकडे ढिम्म!

साहेब म्हणाले, "शेठ, तुमचा माल इतका उंची, की चुंबकालाही ओळख देत नाही!"

शेवटी ताईंनी सुईचे तुकडे बारीक काचनळीत घालून ज्योतीवर दोन्ही तोंडं बंद केली. एका टेबलफॅनची पाती काढून मोटरीवर चुंबक बसवला. तेव्हा कण फिरले.

* * *

मॅनेजर म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखवा." आणि ताटली निवडली ती एका खास मुळीची. ती मुळी जिथे मिळायची तो उतार पावसात खचून गेला होता. उरलं ते एवढंच, खळग्यांच्या तळाला वाळलेलं. बिघडलं असतं तर मुळीही गेली आणि साहेबांचं टेबलही.

मी माल द्यायला गेलो होतो, दाराशीच थांबलो. साहेबांनी ताटली दोन ठोकळ्यांवर ठेवली. कण आत होतेच. ताईंनी स्पिरिट घातलं. साहेबांनी बटण दाबलं, आणि वीज गेली! खोपोलीत वीज तयार होते आणि आम्ही अंधारात!

स्पिरिट हवेत उडून जायला लागलं. ताईंनी काचेची काडी उचलली. "साहेब, मी करते."

"नको, सुमन. दंडक आहे."

मॅनेजर घड्याळाकडे बघत होते.

साहेबांनी मोटरीवरचा चुंबक काढला, मुठीत धरला आणि हात ताटलीखाली नेला. नुसता धरला. हात त्याच्या सवयीनं कापत होता. आणि वर एकेक कण हलायला लागला. मूठ खळग्यांच्या ओळीखालून हळूहळू पुढे सरकत होती, आणि ती जाईल तिथला थर सुटत होता. वर एक थेंब उडाला नाही.

मॅनेजर वाकले, ताटली खिडकीच्या उजेडात धरून एकेक खळगा बघत गेले. सगळ्यांचे तळ स्वच्छ, थर विरघळलेले.

तेवढ्यात गंगूबाई ट्रे घेऊन आली. लॅबमध्ये मॅनेजर पाहुणे, म्हणून त्यांच्यापुढे तिनं काठोकाठ भरलेला कप ठेवला, बाकी सगळ्यांना नेहमीचा अर्धा. त्यांनी तो बघितला. मग साहेबांचा कप बघितला, ताईंचा बघितला, दाराशी माझ्या हातातला बघितला.

आणि आपला कप ट्रेमध्ये परत ठेवत म्हणाले,

"बाई, मलाही अर्धाच द्या."