चुकलं की पहिल्यापासून

तिवश्याच्या शाळेत मी इतिहास शिकवला. नियम एकच: उत्तर चुकलं की धडा पहिल्यापासून म्हणायचा. पोरं मनात शिव्या देत असतील, देवोत बापडी. पण विसरली नाहीत.

रिटायर होऊन अमरावतीला आले. गेल्या हिवाळ्यात कॅनडातल्या लेकीचा रोज सकाळी फोन सुरू झाला. "आई, कंपनीत प्रमोशनची परीक्षा आहे. इथला इतिहास विचार मले." पुस्तकाची पानं तिनं मोबाइलवर पाठवली. मी खूश! पण कम्प्युटरवर काम करणाऱ्या पोरीच्या प्रमोशनला इतिहास कशाला? विचारलं की म्हणायची, "तू प्रश्न विचार ना!" तिथंच मनात पाल चुकचुकली.

धडा सोपा होता. आधी मूळचे लोक, मग फ्रेंच, मग इंग्रज, चिनी मजूर, पंजाबी शेतकरी, नंतर सारं जग. आले आणि राहिले. परत गेलेल्यांचं एकही पान नव्हतं. ते मला रोज खटकायचं.

शेजारच्या खालांचा भाचा तिकडेच असतो. एकदा त्यांनी माझ्याकडची पानं पाहिली अन् हसल्या. "बाई, ये तो वहाँ का नागरिक बनने का इम्तिहान है. आमच्या भाच्यानं बी हेच पाठ केलं होतं. मुबारक हो!"

कसलं डोंबलाचं मुबारक! मीच माझ्या तोंडानं पोरगी कायमची तिकडे पोचवून राहिले होते. रागारागात चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "डोंगरातून रेल्वे कोणी टाकली?"

"पंजाब्यांनी."

चिनी मजुरांनी. मला तर पाठ होतं. मी म्हटलं, "बरोबर. पुढचा प्रश्न." होऊ दे नापास, असं खरंच वाटलं. लाजही वाटली नाही.

तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "आई, चुकलं होतं माझं. तू कावून नाही टोकलं?"

मी चष्मा काढून ठेवला.

"तुले समजलं ना? मी सांगणारच होती. तुलेच भेत होती."

"परत येशील?"

"सुट्टीत येईन ना, आई."

सुट्टीत. म्हणजे पाहुणी. उद्या माझ्याच घरी यायला तिला व्हिसाचे कागद दाखवावे लागतील. पदरानं डोळे पुसले.

"उत्तर चुकलं," मी म्हटलं. "पहिल्यापासून म्हण."

ती रडत रडतच म्हणू लागली, "पहिले इथं मूळचे लोक राहत होते..."