खारबावची पाखरं मी उठवली

घट बसायच्या आधी घरातल्या गोधड्या धुवायच्या असतात. कामतघरच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर एक टोक बायकोच्या हातात, दुसरं माझ्या, असं पिळत होतो. मी ओरडलो, "उलटं फिरव!" ती म्हणाली, "हळू की. मी इथंच आहे." माझं आयुष्य कापडाच्या लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटात गेलं, हळू कुठून येणार? दुपारी चहा ठेवते म्हणून उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, ती गेलीच.

तेव्हापासून माझा आवाजच बसला. डॉक्टर म्हणाला, घसा बरा आहे. पण हाक मारायला माणूस नाही तर घसा काय करणार! लेकीच्या फोनवर मी नुसता हुं हुं करायचो. ती घाबरली. म्हणाली, "बाबा, खारबावला मामाकडे जाऊन या. खाडीत पाहुणी पाखरं आलीत."

दिवाळी सरल्यावर निघालो. रिक्षावाला म्हणाला, "चचा, किधर?" मी हातानंच दाखवलं. "गूंगे हो क्या?" कसंबसं 'खारबाव' म्हणालो. पुढे गोदामांचे कंटेनर आणि खड्डे. सगळी हाडं वाजली, मी तेवढा गप्प.

मेव्हण्याकडे तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण. पोटभर खाल्लं, खोटं कशाला बोलू. ओहोटी लागल्यावर त्याच्या होडीत चढताना पाय गुडघाभर रुतला, चप्पल चिखलातच राहिली.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. खेकडा घालंल."

समोर नुसता करडा चिखल. पाखरं कुठं, असं मी खुणेनं विचारलं.

"ती काय! हलतंय ते सगलं पाखरूच हाय."

बघतो तर चिखलालाच पाय फुटलेले! चिमणीएवढे तुतवार, थंड मुलखातून आलेले, सुईसारखी चोच मारत पळत होते. वर कुरव (पांढरी खाडीपाखरं) लूमवर धावणाऱ्या धोट्यासारखे इकडून तिकडे. मेव्हण्यानं त्यांना घालायला हातात बेसनाच्या गाठ्या दिल्या. एक कुरव खाली आला आणि बोटासकट गाठी ओढून गेला.

"अगं ए! बघ, बघ!"

लूमवरचा माझा आवाज. सगळा चिखल एकदम उठला! हजारो पाखरं, वळली की पांढरी, पुन्हा वळली की करडी. पंखांचा वारा तोंडावर. होडी डुगडुगत होती आणि मी उभा राहून नाचत होतो.

"भावजी, हा लूम न्हाय! पाखरांना कान हायत!" मेव्हणा खेकसला. मग मी कुणाला हाक मारली ते त्याच्या ध्यानात आलं. त्याची ती थोरली बहीण. वल्हं आडवं ठेवून म्हणाला, "मारा अजून एक."

मारली. तिच्या नावानं. पाखरं पुन्हा उठली. आम्ही दोघं म्हातारे हसताना रडलो की रडताना हसलो, देव जाणे.

एका चपलेवर घरी आलो. चिखलात पोट भरायला ती पाखरं केवढा मुलूख ओलांडतात, आणि मला कामतघरहून खारबाव लांब वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला फोन लावला. "बाबा, फोन नसता तरी ऐकू आलं असतं," ती म्हणाली. तिला पाखरांचं सगळं सांगितलं, मग तिच्या आईचं सांगायला बसलो. रात्रीच्या शिफ्टवरून आलेले शेजारी दारात उभे राहून ऐकत होते. ऐकू देत.